दारावरची पाटी

नारायण पेठेंतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजावर आजोबांनीं एक पाटी लावली होती. पांढरा रंग दिलेल्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत एवढेंच लिहिलेलें होतें : 'फुलें विचारून न्यावीं.' दरवाजा दिवसभर उघडा असे. आंत शिरतांच डाव्या हाताला पारिजातकाचें झाड होतें. पहांटे अंगणांत फुलांचा सडा पडे आणि पेठेंतल्या बायका देवाच्या फुलांसाठीं परड्या घेऊन येत. दाराला कुलूप नव्हतें, पहारेकरी नव्हता, कुत्रेंहि नव्हतें. तरी येणारी बाई ओसरीपाशीं थांबे, "नेऊं का हो चार फुलें?" असें विचारी, आणि आंतून कोणी "न्या हो" म्हटल्यावरच खालीं वांके. एखादी न विचारतां नेईहि. पण जातांना ती पाटीकडे पाहत नसे.

पुण्याच्या पाट्यांची थट्टा मीं पुष्कळ ऐकली आहे आणि केलीहि आहे. परंतु गेल्या कांहीं महिन्यांत आजोबांच्या त्या पाटीचा मला फार वेळां विचार करावा लागला. त्याचें कारण सांगण्यासाठींच हें लिहावयास बसलों आहें. आणि त्यांत माझ्या हातून घडलेल्या एका अपराधाची कबुली आहे, हें आधींच सांगून टाकतों.

माझी आत्या १९१४ सालची. विसाव्या वर्षीं वैधव्य पदरीं घेऊन ती कृष्णाकांठच्या सासरहून आमच्या वाड्यांत परत आली, आणि १९८७ सालीं वारली तोंवर, म्हणजे त्रेपन्न वर्षें, तेथेंच राहिली. तिच्या मागें दोन लुगडीं, एक जपमाळ आणि लाल खारव्याच्या बांधणीची एक जाड वही, एवढीच इस्टेट उरली. वहींत पाककृति होत्या. सांडगी मिरची, मेतकूट, उकडांबा, कुरडया, डांगर. मापें सारीं चिपट्या-मापट्यांचीं आणि अधोलीचीं. वेळ मोजावयाची ती घड्याळावर नव्हे, तर 'वास सुटेपर्यंत' किंवा 'उन्हें ओसरीवर येईपर्यंत'. समासांत मात्र दुसराच मजकूर होता. धोब्याचा हिशेब, कोणाच्या बाळंतपणाची तिथि, पावसाची नोंद. आणि सांडग्या मिरचीच्या कृतीशेजारीं, बारीक अक्षरांत, दोन वाक्यें : 'भाऊजींनीं पाटल्या नेल्या. कोणाला सांगणार नाहीं.'

आत्यानें आपला शब्द पाळला होता. पाटल्यांची गोष्ट तिनें आजोबांना सांगितली नाहीं, माझ्या आईला सांगितली नाहीं, आणि मी तिच्या मांडीवर वाढलेला मुलगा असून मलाहि कधीं सांगितली नाहीं. ती फक्त वहीला सांगितली होती.

मी जन्मभर महाविद्यालयांत इतिहास शिकविला. जुन्या कागदाला हात लावावयाचा नाहीं, त्यांतलें अक्षरहि गाळावयाचें नाहीं, हा आमच्या धंद्याचा कुळाचार. २०१० सालीं निवृत्त झालों आणि पुढच्याच वर्षीं नातवाच्या मदतीनें एक लहानसें संकेतस्थळ काढून आत्याची वही मीं त्यावर चढविली. मुळाबरहुकूम, समासांसह. वर प्रस्तावना लिहिली. तींत तिच्या सासरचें आडनांव आणि गांवहि मोठ्या काटेकोरपणानें नोंदविलें. त्या दोन वाक्यांपाशीं मी क्षणभर थांबलों होतों, हें मला चांगलें आठवतें. पण 'साधन तें साधन' असें मनाशीं म्हणून पुढें गेलों. विचारावयाचें कोणाला? जिला विचारावयाचें ती जाऊन चोवीस वर्षें झालीं होतीं.

प्रथम सारें गोड वाटलें. शोधयंत्रें आलीं, वही वाचून गेलीं आणि माणसें पाठवूं लागलीं. न्यू जर्सींत राहणाऱ्या एका मराठी बाईंनीं उकडांब्याला अंबाडे चालतील का, म्हणून विचारलें. शोधयंत्राचा हा व्यवहार मला आमच्या अंगणांतल्या व्यवहारासारखाच वाटे. तें आपली नक्कल नेतें खरें. परंतु त्या बदल्यांत आपल्या दाराशीं पाहुणा आणून सोडतें. फुलें नेणारी बाई संध्याकाळीं प्रसादाची वाटी घेऊन यावी, तसेंच हें.

२०२५ च्या फेब्रुवारींत एका दुपारीं दूरध्वनि वाजला. पलीकडे एक तरुण मुलगी होती. तिनें आडनांव सांगितलें आणि मी चपापलों. तें आत्याच्या सासरचें आडनांव होतें.

"आजोबा, तुम्ही मला ओळखत नाहीं," ती म्हणाली. "घरच्या जुन्या पदार्थांची माहिती हवी होती म्हणून मीं मोबाइलमधल्या त्या यंत्राला आमच्या आडनांवाबद्दल नि गांवाबद्दल विचारलें. त्यानें सांगितलें कीं आमच्या पणजोबांनीं आपल्या विधवा वहिनीचे दागिने बळकावले, असा त्या वहिनीच्या वहींत आरोप आहे. खालीं तुमचें नांव होतें. हें खरें आहे का?"

मीं तिला वहींतलीं वाक्यें वाचून दाखविलीं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "यांत 'बळकावल्या' कोठें आहे? 'नेल्या' आहे."

त्या मुलीचें मराठी माझ्याहून शुद्ध निघालें. 'नेल्या' या क्रियापदांत काय काय मावतें! मागून नेल्या, सांगून नेल्या, गहाण टाकावयाला नेल्या, परत आणून देईन म्हणून नेल्या. आत्यानें जाणून-बुजून एवढाच शब्द लिहिला असेल. यंत्रानें तो उचलला, शेजारच्या 'कोणाला सांगणार नाहीं' या वाक्याशीं त्याचा मेळ घातला आणि जगांतल्या असंख्य भाऊबंदकीच्या कथांवरून जो अर्थ अधिक संभवनीय वाटला, तो ठासून सांगितला. त्याच्या विद्येचें स्वरूपच तसें आहे. कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येण्याचा संभव अधिक, याच्या हिशेबावर तें बोलतें. माणसाच्या मौनाचा हिशेब त्या वहीखात्यांत नाहीं.

"आमचे आजोबा आहेत अजून," ती मुलगी म्हणाली. "सत्त्याऐंशी वर्षांचे. वडिलांचें नांव काढलें कीं त्यांचे डोळे भरून येतात. उद्यां घरांतल्या कोणी तरी पोरानें हेंच त्या यंत्राला विचारलें, तर मी त्यांना काय सांगूं?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. आत्यानें त्रेपन्न वर्षें ओंजळींत धरून ठेवलेली गोष्ट मीं एका दुपारीं चव्हाट्यावर सांडली होती; आणि यंत्र फक्त सांडलेलें उचलून घेऊन गेलें होतें.

त्याच रात्रीं मीं तें पान काढून टाकलें. काढून टाकणें हें एक बोट दाबण्याचें काम. परंतु आपण आपलें पान काढलें म्हणजे तें जगांतून नाहींसें होतें, ही माझी समजूत पुढच्या आठवड्यांत पार धुऊन निघाली. शोधयंत्रांना अर्ज करून जुन्या नकला काढावयास सांगावें लागलें. अमेरिकेंतील इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरच्या पानांच्या नकला जतन करीत आली आहे. एरवीं इतिहासाच्या शिक्षकानें तिला दंडवत घालावा, पण त्या दिवशीं मीं तिलाहि विनंतीचें पत्र लिहिलें. कॉमन क्रॉल नांवाची दुसरी एक संस्था २००७ सालीं स्थापन झाली. ती कोट्यवधि पानें गोळा करून कोणालाहि फुकट देते. २०२० सालीं आलेल्या जीपीटी-३ या प्रसिद्ध यंत्राच्या अभ्यासाचा मोठा वांटा याच कोठारांतून आलेला होता. आणि यंत्रें जें एकदां शिकलीं त्याचें काय? तीं वाक्यें कपाटांत ठेवल्यासारखीं ठेवीत नाहींत. वाचतां वाचतां त्यांच्या पोटांतले अब्जावधि आकडे थोडथोडे हलतात, त्यालाच त्यांचें शिकणें म्हणतात. एका पानाचा परिणाम त्यांतून वेगळा काढणें म्हणजे कणीक मळून झाल्यावर मिठाचे खडे वेंचूं पाहणें होय.

या खटाटोपांतच मला पाटी भेटली. नातू म्हणाला, "आजोबा, प्रत्येक संकेतस्थळाच्या दारावर यंत्रांसाठीं एक पाटी असते. तुमच्या दारावर ती कधींच नव्हती." त्या पाटीचें नांव रोबोट्स डॉट टीएक्सटी. १९९४ सालीं मार्टाइन कोस्टर नांवाच्या गृहस्थांनीं ती रीत सुचविली. महाजालावर भटकणारीं यंत्रें तेव्हां नुकतींच निघालीं होतीं, आणि त्यांच्या अविचारी येण्याजाण्यानें बिचारे संगणक दबून जात. म्हणून दाराशीं एक साधा कागद ठेवावा, त्यावर 'अमक्यानें येथें येऊं नये, तमक्या खोलींत शिरूं नये' असें लिहावें आणि यंत्रानें आधीं तो वाचावा, असा संकेत ठरला. अठ्ठावीस वर्षें हा संकेत केवळ चालीरीतीनें चालला. २०२२ च्या सप्टेंबरांत त्याला रीतसर मानकाचें रूप आलें. आणि त्या मानकांतच स्पष्ट म्हटलें आहे कीं, हे नियम म्हणजे प्रवेशाची परवानगी देणारें किंवा नाकारणारें कुलूप नव्हे. मला हंसूं आलें. ज्या पाट्यांवरून सारा देश पुण्याला हंसतो, तसल्याच पाटीच्या भरंवशावर महाजालाचा एवढा मोठा संसार चालत आला होता!

पाटी पाळली जात होती, कारण पाळण्यांत दोघांचाहि लाभ होता. नक्कल नेणारा पाहुणे आणून देई. पुढें नवीं यंत्रें आलीं. तीं फुलें नेतात आणि त्यांचें अत्तर काढतात. मग अंगणापर्यंत येण्याची कोणाला गरज उरत नाहीं. २०२३ च्या ऑगस्टमध्यें ओपनएआयनें आपल्या भटक्या यंत्राचें नांव जीपीटीबॉट असें जाहीर केलें आणि नको असेल त्यानें पाटीवर तसें लिहावें, असें सांगितलें. पुढच्याच महिन्यांत गूगलनेंहि आपल्या यंत्राच्या शिक्षणापुरती वेगळी खूण दिली. परंतु तोंवर शिक्षणाचे कित्येक वर्ग उरकून गेले होते. चोरी झाल्यावर कडी कोणती लावावी याचें मार्गदर्शन मिळावें, तशी ही सोय. शिवाय तींतहि एक मेख होती. २०२४ सालीं गूगलच्या शोधाच्या माथ्यावर यंत्रानें रचलेला सारांश दिसूं लागला, तेव्हां तो शोधाचाच भाग धरला गेला. त्यामुळें शिक्षणाची खूण नाकारून त्या सारांशांतून सुटका होत नव्हती. दार पुरतें लावावें तर पाहुणेहि बंद.

माझें दार लहान. मोठमोठ्या वाड्यांची गोष्ट आणखी निराळी. तेथें बिऱ्हाडकरू हजारों, मालक एक. रेडिट या अमेरिकन कंपनीच्या अंगणांत लोकांनीं वर्षानुवर्षें फुकट लिहिलें. २०२४ च्या फेब्रुवारींत त्या कंपनीनें तो सारा मजकूर यंत्रांच्या शिक्षणासाठीं गूगलला वापरूं देण्याचा करार केला, आणि त्याची किंमत वर्षाला सुमारें सहा कोटि डॉलर असल्याचें वृत्तपत्रांत आलें. लिहिणारांना त्यांतली कवडी मिळाली नाहीं. त्याच वर्षीं मे महिन्यांत स्टॅक ओव्हरफ्लोनें ओपनएआयशीं करार केला. तेव्हां कांहीं लोकांनीं रागानें आपलींच जुनीं उत्तरें पुसावयास घेतलीं, तर त्यांचीं खातीं कांहीं काळ बंद करण्यांत आलीं. कंपनीचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें : उत्तर एकदां सर्वांच्या उपयोगासाठीं दिलें, तें परत घेणें म्हणजे पाणपोईंत ओतलेला तांब्या परत मागण्यासारखें आहे. पण पाणपोईचें पाणी आतां बाटल्यांत भरून विकलें जात आहे, हें ऐकल्यावर ज्यानें तांब्या ओतला त्याला कांहींच वाटूं नये काय?

कायद्याकडे वळलों. २०१४ सालीं युरोपच्या न्यायालयानें निवाडा दिला कीं, माणसाच्या नांवावर शोध केला असतां जुनी, गैरलागू माहिती पुढें येत असेल, तर तो दुवा काढण्याची मागणी शोधयंत्राकडे करतां येते. ज्या स्पॅनिश गृहस्थासाठीं हा निवाडा झाला, त्याच्या जुन्या कर्जाची हकीकत या खटल्यामुळेंच जगाला कायमची ठाऊक झाली, ही गोष्ट अलाहिदा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २०१७ च्या ऑगस्टमध्यें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यांत आपली माहिती पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्क आहे, आणि आपल्या मागें तो हक्क कोणीं बजावावा याचें नामनिर्देशन करण्याची सोयहि आहे. ती सोय वाचतांना मीं चष्मा काढून पुसला. आत्यानें नामनिर्देशन केलें असतें तर माझेंच केलें असतें. तिचा विश्वासू माणूस मीच होतों.

"सारें बंद करून टाका," असा नातवानें सल्ला दिला. "प्रत्येक यंत्राला मनाई लिहा." लाज वाटत असतांना माणसाला टोकाचे सल्ले आवडतात; मला तो एकदम पटला. पण रात्रीं झोंप येईना. जनगणनेच्या २०११ च्या आंकड्यांप्रमाणें मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींहून अधिक. आणि जीपीटी-३ ज्या मजकुरावर शिकलें, त्यांतले शेंकडा ब्याण्णवांहून अधिक शब्द इंग्रजी. उरलेल्या सात-आठ टक्क्यांत जगांतल्या साऱ्या भाषा दाटीवाटीनें बसलेल्या. ज्या भाषेनें आधींच थोडें लिहून ठेवलें आहे, तिनें दारें लावून घेतलीं, तर उद्यांच्या मुलांशीं यंत्रें मराठींत बोलतील तीं कसलें मराठी बोलतील? 'चिपटें' आणि 'अधोली' हे शब्द त्यांना कोण सांगणार? 'नेल्या' आणि 'बळकावल्या' यांतला फरक तरी त्यांना कोठून कळावा? यंत्रानें आत्याचा शब्द चुकीचा वाचला, याचा मला राग आला होता. त्याच्या हातांत असा मजकूर थोडा पडला, हेंहि त्या चुकीचें एक कारण असूं शकेल.

याच वेळीं मला जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाची आठवण झाली. हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनीं महाराष्ट्रांतल्या खेडोपाडीं हिंडून बायकांच्या तोंडच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' या संस्थेनें त्या महाजालावर प्रसिद्ध करावयास घेतल्या. त्याहि बायकांच्या दुःखांनीं भरलेल्या आहेत. माहेर, सासर, नवरा, दीर, सारें त्यांत आहे. पण ओवीशेजारीं गाणारणीचें नांव आहे, गांव आहे. ती कोणापुढें तरी बसून, आपल्या खुशीनें, गायिली आहे. दुःख उघड्यावर आलें म्हणून माझ्या हातून अपराध घडला असें नव्हे; तें जिचें होतें तिनें 'नाहीं' म्हणून लिहून ठेवलें होतें. 'कोणाला सांगणार नाहीं' ही आत्यानें आपल्या वहीच्या समासांत लावलेली पाटीच होती. मीं ती वाचली आणि पाटीसुद्धां फुलें उचलून नेलीं. यंत्राला नांवें ठेवतांना हें मला विसरतां येत नाहीं. त्याला तर पाटी दिसलीच नाहीं. मला दिसली होती.

मार्च महिन्यांत ती मुलगी घरीं आली. मीं वही तिच्या हातांत दिली. तिनें तें पान उघडलें, समासावरून बोट फिरविलें आणि विचारलें, "हें पान आतां परत दिसणार नाहीं ना?" मीं नाहीं म्हटलें. मग ती थोडी संकोचून म्हणाली, "पण आजोबा, सांडग्या मिरचीची कृति मात्र राहूं द्या. आमच्या घरीं ती आतां कोणालाच येत नाहीं. आजोबा पुष्कळदां म्हणतात, काकूंच्या हातच्या मिरच्या माहेराहून यायच्या."

म्हणजे आत्या माहेरीं आल्यावरहि त्या घरीं मिरच्या पाठवीत होती! पाटल्या नेणाऱ्या दिराच्या घरीं. मला हें पन्नास वर्षांत ठाऊक नव्हतें. इतिहासाच्या शिक्षकाला साधनांतलें प्रत्येक अक्षर जपूनहि अर्धी हकीकत कळली नव्हती, मग त्या यंत्राला काय कळावी?

आतां वही पुन्हां संकेतस्थळावर आहे. कृति सगळ्या आहेत, मापें आहेत, 'उन्हें ओसरीवर येईपर्यंत' तसेंच आहे. समास कोरे आहेत. प्रस्तावनेंतून आडनांव आणि गांव गेलें आहे. जेथें गाळलें तेथें 'खाजगी मजकूर' असें लिहिलें आहे, एवढें तरी धंद्याचें इमान राखलें. यंत्रांच्या पाटीवर मीं कोणालाच मनाई केलेली नाहीं. शिकूं दे त्यांना मेतकूट आणि डांगर. मूळ वही त्या मुलीच्या घरीं गेली आहे. ती आपल्या आजोबांना मिरचीची कृति वाचून दाखविते आणि समासाशीं आली कीं पान उलटते.

आजोबांची पत्र्याची पाटी वाडा पडला तेव्हां अडगळींत गेली होती. ती शोधून काढून, पुसून, मीं गॅलरींत कुंड्यांच्या वर टांगली आहे. खालीं पारिजातक नाहीं. दोन गुलाब आणि एक तुळस आहे. परवां शेजारची चार वर्षांची मुलगी एक एक अक्षर लावून ती पाटी वाचीत होती. वाचून झाल्यावर तिनें माझ्याकडे वळून विचारलें, "आजोबा, कोणाला विचारायचें?"

आमच्या वाड्यांत आंतून कोणी तरी 'न्या हो' म्हणणारें असे. तिला मीं तेंच म्हटलें, आणि गुलाब स्वतः तोडून दिला.